जरीला गंधक लागू नये म्हणून

मी निघाले त्या दिवशी आबा कडेगावच्या एसटी स्टँडवर रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला उभे राहिले होते. साखर कारखान्यात ते गंधकाच्या भट्टीवर कामाला. उसाचा रस पांढरा करायला त्यात गंधकाचा धूर सोडतात, तो याच भट्टीतला. पाळी संपवून, आंघोळ न करता तसेच आले होते, नाहीतर माझी गाडी गेली असती. मी पाया पडायला निघाले तर त्यांनी हातानंच थोपवलं. "तिथनंच कर नमस्कार, पोरी. शालूची जर काळी पडंल."

पडलीच असती. भट्टीवाल्याच्या घरात चांदी पांढरी राहत नाही. आबांच्या कपड्यांतून गंधकाची पिवळी भुकटी घरात यायची आणि आईची जोडवी, देवाचं निरांजन, सगळं काळंठिक्कर व्हायचं. आई चिंचेनं घासत बसायची आणि बडबडायची, "तुमच्या कारखान्यानं माझा देवसुदीक काळा केला." माझ्या लग्नातला शालू तेवढा तिनं जिवापाड जपला होता. नवरा आधीच अमेरिकेला शिकायला गेला होता, मी मागून एकटी निघालेली. आईचा हट्ट, की घरातून बाहेर पडायचं ते शालू नेसूनच. मग मी अलीकडून वाकले, आबांनी पलीकडून हात उचलला, तेवढ्यात मध्ये उसाची बैलगाडी आली, आणि झाला आमचा निरोप. गाडीत बसल्यावर मला रडू फुटलं. आबांची छाती तेव्हाच खरखरायला लागली होती. पाया पडायचं राहिलं ते आता कायमचंच राहतंय की काय, ही भीती तिथूनच मागं लागली.

सत्तरचं दशक होतं ते. सांगलीच्या कॉलेजातलं माझं गणित तिकडं अमेरिकेत कामाला आलं. नवऱ्याच्या युनिव्हर्सिटीत हवेचा अभ्यास करणारा एक विभाग होता, तिथं मला कार्डं पंच करायची नोकरी मिळाली. पुढं प्रोग्रॅमही लिहायला लागले. तुम्ही गावात राहिलेली माणसं म्हणाल, हवेचा कसला आलाय हिशोब! तर अख्ख्या पृथ्वीच्या हवेचे चौकोन पाडायचे. कुठल्या चौकोनात किती गंधक जळतं ते कार्डांवर भोकं पाडून कॉम्प्युटरला द्यायचं. मग वारा ते कुठवर नेतो, पावसात ते कुठं खाली येतं, त्याचे बारीक कण किती ऊन अडवतात, हे त्यानं सांगायचं. पहिल्या दिवशी ‘सल्फर, सल्फर’ ऐकून मला हसूच आलं. एवढा समुद्र ओलांडून आले, तर इथंही आबांचीच भट्टी.

मग आमचा चौकोन शोधला. सातारा, सांगली आणि अरबी समुद्राचा मोठा तुकडा, सगळं एकाच चौकोनात कोंबलेलं, आणि त्यापुढं गंधकाचा आकडा शून्य. माझं डोकंच फिरलं. तावातावानं कारखान्याचं कार्ड पंच केलं, दिवाळीनंतर चालू, उन्हाळ्यात बंद, आणि प्रोफेसरांपुढं ठेवलं. भला माणूस. म्हणाले, घाल, पण एका कारखान्यानं नकाशावर काही दिसायचं नाही. प्रिंटआउट आला, आणि खरंच काही दिसलं नाही. आमच्याकडचं गंधक इथवर येईल का, असंही मी विचारलं. थोड्या दिवसांत पावसाबरोबर पडून जातं, इतक्या लांब पोचत नाही, म्हणाले. ते शास्त्राचं बोलत होते. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आईनं दिलेला चांदीचा कुंकवाचा करंडा तिकडं महिनोन्‌महिने पांढराशुभ्र राहायचा. शेजारणी कौतुक करायच्या. मला तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटायचा.

आबांच्या छातीचं दुखणं वाढत चालल्याचं कळलं तसं मी जायचं ठरवलं. नवरा म्हणाला, उन्हाळ्याची सुट्टी लागू दे. मी ऐकलं नाही, ऐन हंगामात आले. त्याच स्टँडवर उतरले तर आबा पाळीवरून येऊन पुन्हा पलीकडंच उभे. खांदे उतरलेले, पण तोंडभर हसू.

"आवं आबा, आता कशाला लांब?"

"थांब तिथंच. लय वास मारतोय. साडी खराब हुईल."

मी मुद्दाम साधं सुती लुगडं नेसून आले होते. "हिला जरच न्हाई. बघा तरी," म्हटलं, रस्ता ओलांडला आणि भर स्टँडात त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग त्यांच्या सदऱ्यात तोंड खुपसून रडले. लोक बघत होते, बघू देत. आबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, "किती वाळलीस गं, बाय."

बरोबर नेलेला करंडा परतताना मी आबांच्या भट्टीवरच्या रुमालात गुंडाळून आणला. पुढच्या पावसाळ्यात, भट्टी थंड असताना, आबा गेले. मला पोचता आलं नाही. पण पाया पडायचं राहिलं नव्हतं, एवढ्यावर मी सावरले.

करंडा आता काळा पडलाय. नवरा अधूनमधून पॉलिशची बाटली आणतो, मी ती लपवून ठेवते. आईनं बघितलं तर चिंच घेऊनच बसेल. इथं वाढलेली माझी मुलं विचारतात, तुझं गाव कुठंय. नकाशात दाखवून काय उपयोग, मी करंडा त्यांच्या हातात देते. एवढंच कडेगाव माझ्याबरोबर आलंय, ते मी घासू देणार नाही.