सरळ सांगणारे दत्तूमामा

केडगावहून मामांच्या शेजाऱ्यांचा फोन आला, "मामा सीरियस हायेत, लगेच निघा." आपल्याकडं या निरोपाचा अर्थ शेंबडं पोरही जाणतं. शिक्रापूरच्या कंपनीत मी निमूटपणे रजेचा अर्ज लिहिला... दत्तूमामा गेले होते.

मामांना स्वतःला असला निरोप खपला नसता. माझे वडील वारले तेव्हा फोन त्यांनीच केला होता. "तुझा बाप मेला. सावकाश ये, पळत येऊन काय उपयोग न्हाई." एवढं बोलून ठेवला. त्या दिवशी मनातल्या मनात घातलेल्या शिव्या इथं छापता येणार नाहीत. पुढं कित्येक वर्षं मी त्यांच्या पाया पडलो नाही.

एकदा तोंडावरच विचारलं, "मामा, तुम्हाला काळीज हाय का न्हाई?" तेव्हा त्यांनी सांगितलं. लष्करात ते हवालदार, काम कारकुनी. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आफ्रिकेतल्या लढाईत गुंतलेल्या एका देशाच्या संरक्षण मंत्रालयात तिथल्या कारकुनांना शिकवायला त्यांना पाठवलं होतं. मंत्रालय म्हणजे नुसती तोफा-बंदुकांची खरेदी नव्हे. पोरं भरती करणं त्याचंच काम, आणि ती मेली की घरी कळवणंही त्याचंच. पण लढाई संपेपर्यंत मरणाची पत्रं धाडायची नाहीत, असा वरून हुकूम होता. नाहीतर नवी पोरं कोण देणार? पत्रं टाइप व्हायची आणि कपाटात जायची. एक बाई रोज फाटकाशी येऊन मुलाचं नाव सांगायची. त्याचं पत्र मामांनी कपाटात पाहिलेलं. त्यांना राहवेना. आपल्या रीतीनं त्यांनी दुभाष्याकरवी सांगितलं, सीरियस आहे, दवाखान्यात आहे. वाटलं, समजून जाईल. तिला कुठली आपली रीत ठाऊक! ती दवाखान्यामागून दवाखाने हिंडली, परक्या पोरांच्या तोंडावरच्या पट्ट्या उचलून बघत. चार महिन्यांनी फुटलेल्या पायांनी परत आली आणि विचारलं, अजून एखादा दवाखाना राहिलाय का?

"तवापासनं मी मेल्याला मेलाच म्हणतो," मामा म्हणाले. मला ते पटलं. पण माफ केलं, असं नाही.

केडगावात पोचलो तर मामांना अंगणात झाकून ठेवलेलं. शिरूरला दिलेल्या त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, सुनीताला, अजून कुणी कळवलं नव्हतं. मामी म्हणाल्या, "तूच सांग. त्यांच्यासारखं, सरळ." मी फोन लावला. पलीकडून तिचा आवाज आला आणि माझी जीभ रेटेना... "मामा सीरियस हायेत, लगेच ये."

दुपारी जीप आली. सुनीता उतरली आणि तिच्यामागून बॅग घेतलेले डॉक्टर. ज्या घरात बापानं कधी आडून काही सांगितलं नाही, त्या घरच्या पोरीनं माझा शब्द शब्दशः खरा मानला होता. "डॉक्टर, लवकर या ना," म्हणत ती अंगणात शिरली आणि थांबली. माणसं खाली बघू लागली. तिनं झाकलेल्या अंगाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "दादा, ड्रायव्हरला वाटभर शिव्या घातल्या रं मी... हळू चालवतो म्हणून."

त्यानंतर ती माझ्याशी एक अक्षर बोललेली नाही. तिचं चुकलं असं मला वाटत नाही.

गेल्या आठवड्यात मामींकडं गेलो होतो. मामांच्या खोलीतला फोन वाजला. मी उठायच्या आत मामींनीच तो उचलला. पाटसहून कुणीतरी मामांना विचारत होतं. त्यांनी घसा खाकरला नाही की पदर डोळ्याला लावला नाही.

"ते मेले," त्या म्हणाल्या. "तुमचं काय काम हुतं?"