ज्वारीतली तूर आणि गोविंददादाची विमानं

मी लिहावं का, हा संकोच अजून गेलेला नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तेही शिक्षण उर्दूतून. गोविंददादाला माझ्यापेक्षा जवळून ओळखणारी माणसं गावात आहेत. पण ती लिहिणार नाहीत... म्हणून हे धाडस. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

दादा माझा आतेभाऊ, सोनपेठजवळच्या आमच्याच गावचा. महायुद्धात हवाई दलात शिरला आणि युद्ध संपल्यावर दिल्लीच्या एका कचेरीत बसला. पुढं देशाकडं लढाऊ विमानं किती असावीत, बाँब टाकणारी किती, माल आणि माणसं नेणारी किती, याचा मेळ तिथं घातला जाई. शेवटच्या रजेत तो आला तेव्हा शेतात पेरणी चालली होती. तिफणीमागं चालता चालता तो वडिलांना, म्हणजे आत्याच्या यजमानांना (मी त्यांना मामा म्हणे), सांगत होता, "साहेब लोक नुसती लढाऊच मागायलेत. मी म्हनलं, आमी ज्वारीत तुरीचं तास टाकतो. एक पीक गेलं तर दुसरं हाताला लागतं. मालाची इमानं कमी करू नका."

"अन् साहेब?"

"हसले."

"हसनारच. त्यांच्या बापानं कधी तिफन धरली?"

भाकरी घेऊन आलेल्या आत्यानं मधेच विचारलं, "तुजी इमानं मानसांवर बाँब टाकतेत का रे?"

दादानं तिच्या हातातली भाकरी घेतली. "काही टाकतेत, माय... मी दुसऱ्या, मालाच्या इमानांसाठी भांडायलोय."

दिल्लीला परतल्यावर त्याचं एक पत्र आलं. मालाची विमानं कमी करायचं जवळजवळ ठरलं होतं. ती काय कामाची आहेत हे स्वतः त्यांत बसून बघतो, मग साहेबांना पुन्हा सांगतो, असं त्यानं लिहिलं होतं. त्यानंतर निजामाच्या मुलखात धामधूम माजली, टपाल थांबलं, माझं कॉलेजही बंद पडलं.

पुढच्या वर्षी भादव्यात हिंदी फौज निजामावर चालून आली, तेव्हा आमच्या शिवारावरून विमानं गेली. सगळे उभ्या ज्वारीत दडले. आत्या एकटी बांधावर उभी, पदर वर धरून. मी ओरडलो, "आत्या, आत ये!"

"माजा गोविंद वरून बघंल, अन् मी दडून बसू?"

विमानांचा तो आवाज माझ्या कानांतून जात नाही. आजही कुठं घरघर झाली की मी आधी तिच्याकडं बघतो...

वाटा मोकळ्या झाल्यावर दादाच्या कचेरीतला एक सोबती रेल्वेनं सेलूला उतरून बैलगाडीनं आला. त्यानं सांगितलं, दादा मागच्या थंडीतच गेला. बर्फाच्या डोंगरातल्या लढाईत औषधं पोचवून, जखमी शिपाई घेऊन येणारं विमान, ज्यात तो स्वतः बसला होता, परतलंच नाही. म्हणजे आत्या बांधावर उभी होती, तेव्हा वर तिचं कुणीच नव्हतं.

मामा भिंतीकडं तोंड करून बसले. आत्यानं विचारलं, "मंग ती मालाची इमानं... ऱ्हानार का?"

पाहुणा म्हणाला, "राहणार, मावशी. त्या डोंगरात ती कशी कामाला आली ते बघून साहेबांनी कमी करायचं सोडून दिलं. तेच सांगायला आलो."