काकांच्या साइटचं प्रमाणपत्र

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या काकांना जावयाने हौसेने वेबसाइट करून दिली होती. पण ती उघडली की 'ही साइट सुरक्षित नाही' असं यायचं, आणि गिऱ्हाइकं तिथूनच परत फिरायची. काकांच्या मनाला ते फार लागलं. त्यांनी आजवर कोणाच्या मशीनचा साधा स्क्रूसुद्धा ठेवून घेतला नव्हता.

अनेकांच्या साइटबरोबर त्यांचीही साइट आपल्या सर्व्हरवर ठेवणाऱ्या कंपनीला त्यांनी फोन लावला.

"काका, पॅनलमध्ये एसएसएलचं बटण दाबा. प्रमाणपत्र फुकट मिळतं," पलीकडची मुलगी म्हणाली.

"आणि माझी चौकशी?"

"चौकशी कसली? गिऱ्हाइकाने लिहिलेलं वाटेत कोणी वाचू नये, एवढ्यासाठी असतं ते."

"तरी चौकशी करायला हवी," असं म्हणत काकांनी बटण दाबलं. थोड्या वेळाने इशारा गेला.

"झालात एकदाचे सज्जन?" काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

काका खुशीत होते. सहज म्हणून त्यांनी समोरच्या दुकानदाराची साइट उघडली. तो मशीनची चांगली मोटर काढून जुनी बसवतो, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तिथेही इशारा नव्हता.

काकांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि कंपनीला परत फोन लावला.

"मी मघाशीच म्हटलं होतं," ते म्हणाले, "चौकशी करा म्हणून."