खाडीपलीकडचं सासर

अमिरातीतल्या खोर फक्कानच्या बंदरात मी नोकरीला होतो, तेव्हा तिथल्या एका टगबोटीवर सामोआ बेटांवरचा एक खलाशी होता. देह दारात मावणार नाही एवढा, आवाज मात्र बाळाला जोजवणाऱ्या बाईसारखा. संध्याकाळी कॅफेटेरियात माझ्यासमोर बसायचा आणि सांडलेल्या चहात बोट बुडवून टेबलावर आपला किनारा काढायचा. प्रवाळाच्या खडकांमधून आत आलेली खाडी, अलीकडे त्याचं गाव, पलीकडे बायकोचं.

"लग्नाआधी तिला भेटायला इतक्यांदा पोहत गेलो, की मासे ओळखायला लागले," असं सांगून स्वतःच लाजायचा.

एका वर्षी तिकडे मोठं वादळ झालं. फोन लागेना. बायको माहेरी होती, आई एकटीच घरी. ड्यूटी सुटली की तो थेट फोनच्या बूथवर जायचा. मीही सोबत थांबायचो, दुसरं काही सुचत नव्हतं.

अखेर एका दुपारी फोन लागला. बराच वेळ बोलून तो बाहेर आला.

"घर?" मी विचारलं.

"खलास. दोन्ही गावांत छप्पर राहिलं नाही."

"आणि माणसं?"

"सगळी आहेत. समुद्र जरा निवल्यावर बायको एकटी होडी वल्हवत माझ्या आईकडे गेली, ब्रदर. खाडीत पहिली होडी तिचीच."

मग कॅफेटेरियात येऊन त्याने चहा मागवला आणि चहा येण्याआधीच टेबलावर डोकं टेकून झोपला. मल्याळी मालकाने कुणी न सांगता टीव्हीचा आवाज बंद केला, आणि आम्ही सगळे कुजबुजत बोलू लागलो.