पहिलं ठिकाण अजून बाकी आहे

देवानं माणसाला डोळे दोन दिले, कान दोन दिले, मग काळीजच तेवढं एक का दिलं, यावरून देवाशी कायमचं भांडण असलेला माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडभाऊ आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. जिल्ह्यातल्याच गोरेगावच्या पलीकडे त्यांची धानाची शेती, आणि मी गोंदियात शाळेत शिकवतो. म्हणून ते मला मास्तर म्हणतात आणि मी त्यांना भाऊजी. त्यांची मुलगी मला मोसाजी म्हणते, मावशीचा नवरा म्हणून. हा माणूस कुठलीही एकच वस्तू घेऊन घराबाहेर पडत नाही. खिशात दोन पेनं, पिशवीत दोन छत्र्या, पँटला पट्टा आणि पट्ट्याखाली नाडी. लग्नाला जायचं असलं की गाडीत जागा ठेवा म्हणून दोघांना सांगून ठेवतात, आणि दोन्ही गाड्या दारात येऊन उभ्या राहिल्या की कुणाला नाही म्हणावं या संकटात स्वतः एसटीनं जातात. स्वतःच्या लग्नातही त्यांनी बाशिंग दुसरं आणून ठेवलं होतं. नवरी मात्र नाइलाजानं एकच होती, असं माझी मेव्हणी सांगते.

त्यातही त्यांची एक अट असते. दुसरी वस्तू हुबेहूब पहिलीसारखी पाहिजे. याला कारण घडलं होतं. रोवणीनंतर बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कुठे कुठे रोपं मरतात, तिथे लावायला ते दरवर्षी थोडे जास्तीचे परे टाकून ठेवतात. परे म्हणजे धानाची रोपं. एका वर्षी या जास्तीच्या पऱ्ह्यांत वाण वेगळा निघाला. कापणीच्या वेळी अर्धी बांधी पिकून वाकलेली आणि मधे मधे हिरवीगार ठिगळं. आठवडी बाजाराला जाणारे लोक मोटारसायकल थांबवून विचारायचे, "भाऊ, हा कोनता नवीन वान काढला?" ती चेष्टा ते अजून विसरलेले नाहीत.

त्यांची मुलगी बारावीत गेली आणि या स्वभावाची खरी परीक्षा सुरू झाली. पोरगी हुशार आणि बापासारखीच हट्टी. गावच्या जुन्या मालगुजारी तलावाच्या पाळीवर बसून पक्षी बघायचे आणि हा तलाव खोदला कुणी म्हणून म्हाताऱ्यांना भंडावून सोडायचं, यातच तिचं लहानपण गेलं. तिला पक्षीही शिकायचे होते आणि इतिहासही. दोन्ही एकत्र शिकू देणारं दिल्लीकडचं एक लिबरल आर्ट्स कॉलेज तिनं मनात धरलं होतं. तिथे घेतात मूठभर आणि रांगेत असतो सगळा देश. मी म्हटलं, "भाऊजी, तिथे लागलं तर उत्तमच. पण सोबत एकदोन सेफ्टी कॉलेजं धरून ठेवा. तशीच, पण जिथे प्रवेश जरा सोपा आहे." जन्मात पहिल्यांदा एखादा शिकलेला माणूस आपल्या भाषेत बोलला, असा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसला.

"म्हणजे जास्तीचे परे," ते म्हणाले. "पन वान तोच पाह्यजे, मास्तर. नाही तं पोरगी अर्धी पिकन अन् अर्धी हिरवी राहीन."

त्या दिवसापासून त्यांच्या जिवाला चैन नाही आणि माझ्याही नाही. तुला तिथलं काय आवडलं, असं त्यांनी मुलीला खोदून खोदून विचारलं. ती म्हणाली, वर्ग लहान असतात, प्रोफेसर प्रत्येकाला नावानं ओळखतात. झालं. भाऊजी देशभरच्या कॉलेजांना फोन लावू लागले, आणि फी किंवा वसतिगृहाचं काही न विचारता थेट म्हणायचे, "तुमच्या प्रोफेसर लोकायले पोरायची नावं पाठ राहतात का?" एका ठिकाणी कुणी हसलं, तर ते कॉलेज त्यांनी तिथल्या तिथे बाद केलं. जवळपास तलाव आहे का, हा दुसरा प्रश्न. शेवटी पुण्याकडचं एक कॉलेज त्यांच्या अटींत बसलं. मग मुलीला घेऊन ते प्रत्यक्ष बघायला निघाले आणि सोबत मलाही ओढलं.

त्यांच्या घराण्यात एक रीत आहे. मुलगी द्यायची म्हणून घर बघायला गेलं की पसंती ठरेपर्यंत त्या घरचा चहा घ्यायचा नाही. चहा घेतला म्हणजे शब्द दिला. ही रीत ते कॉलेजला लावतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. प्रवेशाचं काम बघणाऱ्या बाईंनी मोठ्या अगत्यानं चहा मागवला. भाऊजींनी हात जोडले. बाईंनी पाणी पुढे केलं, तेही नको. उपास असेल म्हणून बिचारीनं केळी आणवली. भाऊजी केळ्यांकडे पाठ करून खिडकीबाहेर बघू लागले. एप्रिलचं ऊन, घसा कोरडा, मुलगी लाजेनं अर्धी झालेली. फाटकाबाहेर आल्यावर पिशवीतल्या दोन्ही बाटल्या त्यांनी उभ्या उभ्या रिकाम्या केल्या.

"काऊन भाऊजी, काय बिघडलं असतं?" मी चिडूनच विचारलं.

"अजून पहिलं ठिकाण बाकी हाये," ते म्हणाले. "आशा लावून मंग नाही म्हनाचं, बरं दिसते का?"

याचा परिणाम त्या कॉलेजच्या मुलाखतीत दिसला. गावात वीज आणि नेट दगा देतील म्हणून मुलाखत माझ्या घरून द्यायचं ठरलं. मुलगी कॉम्प्युटरसमोर बसली आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात दाराला कान लावून. त्याच बाई तिकडून म्हणाल्या, "तुझ्या बाबांना आमचं कॉलेज आवडलेलं दिसलं नाही. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. तू खरंच येशील का इथे?" भाऊजींनी ओट्याची कड घट्ट धरली. हातातली सेफ्टीसुद्धा आपल्या हातानं घालवली, हे त्यांच्या डोळ्यांत सरळ दिसत होतं. पोरीनं चहाची ती रीत सांगितली, आजोबांच्या वेळच्या सोयरिकी सांगितल्या, गावात शब्द कशाला म्हणतात ते सांगितलं. ते लोक विचारत गेले आणि ती सांगत गेली. तिथे तिची निवड झाली ती या चहामुळेच, अशी माझी खात्री आहे.

दिल्लीकडच्या कॉलेजनं मात्र नाही कळवलं. मला फोन आला तो मुलीचाच. "नाही झालं, मोसाजी," एवढंच म्हणाली. मी दुसऱ्या दिवशी गोरेगावची एसटी धरली. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि भाऊजी तलावाच्या पाळीवर एकटेच बसले होते. मी शेजारी बसलो, तेव्हा ते बोलले.

"मले नागपूरच्या शेतकी कॉलेजात जाचं होतं, मास्तर. तेवढं एकच मनात होतं. तिथं नाही झालं, अन् दुसरं काही पाहूनच नोतं ठेवलं. बाबानं वावरात उभं केलं. पोरीले मी दुसरं पाहून देल्लं. पन ते तिले जनमभर दुसरंच वाटत राह्यलं तं?"

मी उठलो आणि त्यांना घेऊन घराकडे निघालो.

मुलगी पुण्याकडे गेली. त्यानंतरचे महिने भाऊजींनी फोनवरचा तिचा आवाज ओळखण्यात घालवले. आवाज बारीक आला की मला फोन, मोठा आला की ती मुद्दाम हसून बोलते म्हणून पुन्हा मला फोन. ती पहिल्या कॉलेजचं नाव काढत नाही, हे चांगलं की वाईट, यावर आमच्या चर्चा झाल्या. माझ्या बायकोनं तर घरात माझा फोन वाजला की तो उचलणंच सोडून दिलं.

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच. पाळणे, मिठाईची दुकानं, दंडारीची नाटकं, पाहुण्यांनी भरलेली घरं. जन्मल्यापासून पोरीची गावची मंडई कधी चुकली नव्हती. मी पोचलो तर भाऊजी नवा सदरा घालून दारातच उभे.

"येत नाही म्हनते," ते म्हणाले. "कोनत्या तरी धरनावर पक्षी मोजाले जाऊन राहिली, प्रोफेसरसंगं. मी लय आग्रह केला. तं म्हनते, बाबा, हे सोडून कशी येऊ."

"मग? हेच तर पाहिजे होतं तुम्हाला."

"हेच पाह्यजे होतं," ते म्हणाले.

आम्ही मंडईत फिरलो. तिच्या मैत्रिणी, मैत्रिणींच्या आया, दुकानदार, जो तो विचारी, पोरगी नाही आली का. "नाही आली. रमली तिथं," असं ते प्रत्येकाला सांगत. सुरुवातीला छाती काढून सांगत होते. उन्हं कलली तोवर आवाज इतका खाली आला होता, की समोरच्याला दोनदा विचारावं लागे. मला फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं. पाळण्यापाशी ते थांबले, फिरणाऱ्या पोरांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "चला मास्तर, घरी जाऊ. गर्दी तं लय हाये, पन मंडई भरल्यावानी वाटून नाही राहिली."