बोरू तासायचा चाकू

पहिलीच्या वर्गावर नऊ वर्षं काढली, त्यातला निम्मा वेळ बोरू तासण्यात गेला असेल. पोरं बोरू चावत, त्याने कान खाजवत आणि सकाळी भोथरं टोक घेऊन माझ्यापुढे रांग लावत. आमच्या बुऱ्हाणपूरच्या मराठी शाळेत वरच्या वर्गांना टाक होते, तिथे तासायची भानगड नव्हती. यंदाच्या तपासणीत पोरांचं अक्षर साहेबांना आवडलं तर वरचा वर्ग देऊ, असं हेडमास्तरांनी कबूल केलं होतं. मला दुसरं काही नको होतं. मी कंटाळलो होतो.

माझ्या जुन्या चाकूचं पातं झिजून काडीएवढं उरलं होतं, म्हणून तपासणीआधी नवा घ्यायला शनवाऱ्याच्या बाजारात गेलो. दुकानदाराने दोन चाकू पुढे ठेवले. एक इथल्याच लोहाराचा, एका पात्याचा, बाभळीच्या मुठीचा, दिसायला अगदीच गावंढळ. दुसरा विलायती. दोन पाती, एक आरी, बुचं उपसायचा एक पिळाचा खिळा, आणि सगळं मिटून कोटाच्या खिशात मावणारं.

"गुरुजी, बोरूसाठी लोहाराचाच घेऊन घ्या," तो म्हणाला. "हा विलायती जोरात दाबला का बंद होऊन जाते."

हा मला बोरू शिकवणार! मी हट्टाने विलायतीच घेतला. उपसायला माझ्याकडे कुठली बुचं होती, देव जाणे.

तपासणीच्या आदल्या दुपारी मी कत मारत होतो, म्हणजे बोरूच्या टोकाला शेवटचा तिरपा काप देत होतो. पातं मिटलं आणि अंगठ्यात रुतलं. चाळीसएक बोरू तसेच राहिले. शेजारच्या उर्दू शाळेतले मौलवीसाहेब माझे जुने स्नेही. त्यांनी अंगठ्याला चिंधी बांधली आणि बोरूंची जुडी उचलली.

"सकाळी आणून देतो. तुमी फिकर नका करू, मास्टरजी."

सकाळी ते स्वतःच जुडी घेऊन आले. कत अगदी साफ, पण सगळे उर्दूचे. उर्दूचा कत एका अंगाला उतरतो, बाळबोधचा दुसऱ्या. उलटा झाला की जाड रेघ बारीक येते आणि बारीक जाड. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. साहेब यायला थोडाच वेळ उरला होता. माझा तोल गेला.

"मौलवीसाहेब, अहो, दिसत नाही का तुम्हाला?" मी शाळेच्या ओसरीवर उभा राहून ओरडलो.

त्यांनी एक बोरू डोळ्यांशी नेला, मग लांब धरला, मग बोटाने चाचपून पाहिला. तेव्हा मला कळलं, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांनी पोरांच्या वह्या पाहून नाक मुरडलं. वरचा वर्ग गेला.

संध्याकाळी मौलवीसाहेब माझ्या दारी आले. आत या म्हटलं तरी आले नाहीत. खिशातून स्वतःचा चाकू काढून त्यांनी उंबऱ्यावर ठेवला.

"हा तुमीच ठेवा. मला बोरू दिसते, मास्टरजी, त्याचं तोंड नाही दिसत. हात आपल्या सवयीने चालते. फक्त शाळेत कोणाला बोलू नका. नोकरी जाईन."

मी मान डोलावली. सकाळी मी ओरडलो, तेव्हा साहेबांच्या स्वागताला आलेले उर्दू शाळेचे हेडमास्तर माझ्या मागेच उभे होते, हे त्यांना सांगायची मला हिंमत झाली नाही.