आमच्या भिंतीवरचं फ्रेंच घराणं

गोरे सोल्जर नगरच्या कॅम्पातून निघाले तेव्हा त्यांच्या सामानाचे लिलाव झाले आणि अर्ध्या गावानं खुर्च्या, बशा, लोखंडी खाटा घरी नेल्या. आत्यानं वडिलांना जाळीचं कपाट आणायला पाठवलं होतं, कारण मांजर रोज दूध पिऊन जायचं. वडील सायकलला बांधून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आले. कुठल्याशा फ्रेंच सरदार घराण्याची सात-आठशे वर्षांपूर्वीची वंशावळ, जेरुसलेमसाठी झालेल्या धर्मयुद्धांसकट.

"यात दूध कुठं ठेवू?" आत्यानं विचारलं. वडील हायस्कुलात इतिहास शिकवायचे. त्यांना प्रश्नच समजला नाही.

आई गेल्यापासून घर या आत्याच्याच हातात होतं. लहानपणीच लग्न, लहानपणीच वैधव्य, मग भावाकडे. तिला अक्षर ओळखता येत नसे, पण राहुरीपासून पारनेरपर्यंत कुणाची मुलगी कुणाकडे दिली ते तोंडपाठ. आमच्या नात्यागोत्यातली निम्मी लग्नं तिनंच जुळवलेली.

वडिलांनी शाळेतल्या फाटक्या नकाशाच्या कोऱ्या बाजूवर ती वंशावळ मराठीत उतरवली आणि पुढच्या खोलीत टांगली. त्या घराण्यात आजा, बाप, नातू सगळ्यांचं नाव एकच, तेही फ्रेंच, म्हणजे लिहायचं एक आणि म्हणायचं भलतंच. आत्या वैतागली. म्हणून तक्त्यावर नावंच नव्हती. थोरले सरदार, मधले सरदार, महारोगी सरदार, थोरल्या वहिनी, असा सगळा घरगुती मामला. संध्याकाळी तांदूळ निवडताना आत्या त्यांची चौकशी शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखी करायची.

तिचा जीव जडला थोरल्या वहिनींवर. नवरा लढाईवर गेला आणि शत्रूच्या हाती सापडला. बाईनं तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन गढी सांभाळली, नवऱ्याच्या सुटकेची बोलणी केली.

"तिला वाचता येत होतं?" आत्यानं विचारलं.

"येत होतं म्हणून तर निभावलं," वडील म्हणाले. "नाहीतर दिरांनी कशावरही अंगठा घेतला असता."

आत्याचा अंगठा तिच्या दिरांनी असाच घेतला होता आणि तिच्या वाटणीची जमीन गेली होती. त्या संध्याकाळी तिनं तांदूळ दोनदा निवडले.

त्याच वर्षी मी मॅट्रिक झाले. नगरात नुकतंच कॉलेज निघालं होतं आणि मला तिथं जायचं होतं. पण आत्यानं आधीच राहुरीकडचं एक स्थळ बोलावून ठेवलेलं. मी दोन दिवस रडले. वडील म्हणाले, "आत्याला विचार." आत्या म्हणाली, "विहीर बारमाही आहे त्यांची."

रविवारी मुलाचे वडील आले. मुलगा आला नव्हता. मुलाच्या बापानं पाहिलं की झालं. मी पोहे घेऊन उभी राहिले, पण त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं.

"वा, घराण्याचा इतिहास मांडलाय."

वडील खुलले. इतक्या दिवसांत बाहेरच्या कुणी त्या तक्त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

"हे मधले सरदार तुरुंगात वारले असं लिहिलंय. बेचाळीसच्या चळवळीत का?"

"छे, त्याच्या पुष्कळ आधी."

"म्हणजे जुने देशभक्त," पाहुणे आदरानं म्हणाले.

"देशभक्त कसले. लुटालूट करताना सापडले."

पाहुण्यांचा चमचा थांबला. "आणि हे महारोगी?"

"त्यांचे चिरंजीव. बोटं झडली तरी घोड्यावर बसायचे." वडिलांचा आवाज कौतुकानं भरून आला होता. "आणि त्यांच्या या भावानं तर चार मुलं झाल्यावर बायको टाकली. नातं काढलं तर ती चुलतबहीण निघाली."

"चार मुलं झाल्यावर?"

"चालायचंच."

पाहुणे माझ्याकडे पाहू लागले. बहुधा माझी बोटं मोजत असावेत. काय घोटाळा होतोय ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. अहो, हे फ्रेंच लोक आहेत, एवढं कुणी म्हटलं असतं तरी स्थळ वाचलं असतं. मी म्हणणार नव्हतेच. मी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या आत्याकडे पाहिलं; आता ती सांगणार. तिनं तक्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पाहुण्यांना म्हणाली, "आणखी पोहे घ्या ना."

आठवड्याभरात निरोप आला. मुलगी चांगली आहे, पण घराणं आम्हाला झेपायचं नाही. वडिलांनी कपाळावर हात मारला आणि खुलासा करायला तडक राहुरीला निघाले. पण सायकलच्या चाकात हवा नव्हती, आणि हवा धरणारी बोटभर रबरी वॉल्ट्यूबच गायब होती. ती कुठं मिळेना. दुसऱ्या दिवशी शाळा होती, आणि तोवर वडिलांनी पुस्तकाचं पुढचं प्रकरण उघडलं होतं.

"आता दुसरं स्थळ मिळेपर्यंत पोरीला घरात बसवून काय करायचं?" आत्या म्हणाली. "जाऊ दे कॉलेजात."

पहिल्या दिवशी निघताना मी तिच्या पाया पडले. तोंडात टाकायला लवंग द्यावी म्हणून तिनं कनवटीचा बटवा सोडला, आणि सुपारीच्या खांडांबरोबर वॉल्ट्यूब खाली पडली. मी तिच्याकडे बघत राहिले. तिनं ती शांतपणे उचलली, पदराला पुसली आणि परत बटव्यात टाकली.

"राहू दे," ती म्हणाली. "अजून तुझी कॉलेजची चार वर्षं जायचीत."